भिंतीच्या आतली सही

भिंत म्हटली की लोकांना विटा आठवतात. धाकट्याच्या भिंतीत वीट औषधालाही नसायची. पत्र्याचे चॅनेल उभे करायचे, एका अंगाने जिप्सम बोर्ड मारायचा, पोटातून वायरी सोडायच्या, दुसऱ्या अंगाने बोर्ड लावून बंद करायचं आणि वर रंगाचे दोन हात. झाली साहेबाची केबिन तयार! बाहेरच्याला वाटतं, काय भक्कम काम आहे. अहो, कोपर जोरात लागलं तर भोक पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा हा धंदा.

कंपनी दोघा भावांची. थोरला आणि धाकटा, धंद्यात सगळे त्यांना असंच ओळखायचे. सुरुवातीला दोघांत मिळून एक ड्रिल मशीन होतं आणि तेही शॉक द्यायचं. आधी एका शिंप्याचं दुकान सजवलं, मग चष्म्याचं, मग एका बँकेची शाखा, आणि पुढे ऑफिसांचे अख्खे मजले मिळायला लागले. थोरला बोलका, डावखुरा, शिट्टी वाजवत काम करणारा. धाकटा घुम्या. त्याचं माप सुताइतकं चुकायचं नाही, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. थोरल्याने एक रीत पाडली होती. भिंत बंद करण्याआधी तिच्यावर राबलेल्या प्रत्येकाने बोर्डाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने सही करायची. "बाहेर पाटी साहेबाची लागणार," तो म्हणायचा, "आत तरी आपली लागू दे."

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी थोरला स्क्रू आणायला म्हणून साइटवरून खाली उतरला, तो परत आलाच नाही. दुकान समोरच होतं. दुकानदार म्हणाला, आले होते, डबा घेतला, गेले. दवाखाने पालथे घातले, पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवल्या. माणूस नाही, बातमी नाही, बरं, प्रेतही नाही. मागे राहिली वहिनी. तिला नवरा आहे म्हणायचं की होता म्हणायचं, हेच कुणाला ठरवता येईना.

वहिनीची लेक लग्न होऊन लांब गेलेली. दर वर्षी आईच्या मागे लागायची, चल माझ्याकडे. वहिनी म्हणायची, "ते आले आणि दाराला कुलूप दिसलं म्हणजे?" या वर्षी मात्र ती एकदम हो म्हणाली. धाकट्याला हायसं वाटलं. त्याने सामानासाठी माणसाबरोबर खोकी पाठवली. स्वतः तो तिकडे फारसा जात नसे. त्या घरात पाऊल टाकलं की आपणच का उरलो, याची त्याला लाज वाटायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्याची जुनी भिंत फोडायला घेतली. सहा-सात वर्षं झाली की गिऱ्हाइकांना जुनी सजावट नकोशी होते, मग आपलंच काम आपणच फोडायचं. मुकादमाने बोर्डाखाली पहार घातली, बोर्ड करकरत सुटला. आतल्या बाजूला सह्या होत्या. मुकादमाची होती, धाकट्याची होती. आणि शेजारी, ठसठशीत, खाली दोन टिंबं दिलेली थोरल्याची सही.

ही भिंत सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा थोरला जाऊन पाच वर्षं उलटली होती.

धाकट्याने तेवढा तुकडा करवतीने कापला, कागदात गुंडाळला आणि तडक वहिनीकडे गेला. आता म्हणाल, थोडा विचार तरी करायचा! पण विचार करण्याइतकं डोकं जागेवर होतं कुणाचं? वहिनीने तुकडा उजेडात धरला, सहीवरून बोट फिरवलं आणि अर्धी भरलेली खोकी पुन्हा रिकामी करायला लागली. "मी कुठेही जात नाही," एवढंच म्हणाली. लेकीचा फोन आला तो आगच ओकत. "काका, आईला मी कशी समजवू आता? काय दाखवलंत तिला?"

मग धाकट्याला चैन पडेना. वायरिंग तपासायचंय, ओल दिसतेय, अशा थापा मारून त्याने आपल्याच जुन्या भिंती उघडल्या. विमा कंपनीच्या ऑफिसात सही निघाली. शिकवणीच्या वर्गात निघाली. गेल्या वर्षीच्या कोऱ्या करकरीत केबिनमध्येही निघाली. भाऊ जिवंत आहे, गावातच आहे, येऊन सही करून जातो आणि तोंड दाखवत नाही? आनंद मानायचा की राग धरायचा?

शेवटी त्याने ठरवलं, पुढची भिंत आपल्या डोळ्यांदेखत बंद करायची. एका वकिलाचं ऑफिस होतं, सकाळचे अकरा वाजलेले, खोलीभर ऊन. सगळ्यांनी सह्या केल्या, त्यानेही केली. मुकादमाने बोर्ड लावला, शेवटचा स्क्रू आवळला.

"आता उघड," धाकटा म्हणाला.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मुकादमाने स्क्रू काढले. थोरल्याची सही तिथेच होती. धाकट्याने बोट लावलं तर शिशाची भुकटी बोटाला आली.

"कोणी केली? बोल! माझी थट्टा करताय?"

मुकादम गयावया करत म्हणाला, "मालक, तुम्हीच केली की."

"शुद्धीवर आहेस का?"

"दर वेळी करता. आधी तुमची, मग पेन्सिल डाव्या हातात घेऊन त्यांची. आम्हाला वाटायचं, भावाची आठवण म्हणून करत असाल. आपण कशाला बोला?" मग हळूच म्हणाला, "पण मालक, ती सही करताना तुम्ही शिट्टी वाजवता. तुम्हाला तर शिट्टी येत नाही."

धाकट्याने ओठांचा चंबू करून बघितला. नुसती हवा निघाली.

आता वहिनीला सांगणं भाग होतं. आपल्या वेडापायी तिने लेकीचं घर नाकारलं, ही टोचणी घेऊन तो गेला. दारातच सगळं सांगून टाकलं. सही माझीच, दादा नाही, कुठेच नाही, मला माफ करा.

वहिनी दचकली नाही. "बसा, भावजी," ती म्हणाली. "याआधी माझ्याकडे कधी आला होतात?"

"तो तुकडा घेऊन. दोन महिने झाले."

"गेल्या गुरुवारी आला होतात. दर गुरुवारी येता, दुपारचे. त्यांच्या खुर्चीत बसता, चहा पिता, पंख्याच्या आवाजावर कुरकुर करता. पहिल्यांदा मी घाबरून भावजी म्हणून हाक मारली, तर हसलात आणि मलाच विचारलंत, का, धाकटा येऊन गेला का?"

धाकट्याने विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीत? आणि लेकीकडे जायला का निघाला होतात?"

"भीती वाटायला लागली होती. एक दिवस तुम्हाला कळणार आणि मग सगळं संपणार. म्हटलं, त्याआधी आपणच निघावं. तेवढ्यात तुम्ही तो तुकडा आणलात. मला वाटलं, बाहेरही आहेत ते, नुसते माझ्याच घरात नाहीत."

इतक्या वर्षांत न रडलेली ती बाई पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. मग तिने डोळे पुसले आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"भावजी, आता तुम्हाला कळलं. आता ते येतील का हो?"