ओळखीची खूण

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरीही अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमच्या ऑफिसात मी चार वर्षं नोकरी केली. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. नवरा स्टील प्लँटमध्ये इंजिनिअर, आणि मी पुण्याची एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची डिग्री ट्रंकेच्या तळाशी ठेवून दोन वर्षं घरात बसलेली. आमच्या शहरातल्या टीमनं कॉम्प्युटर विकत घेतला होता आणि तो चालवायला माणूस नव्हता. मी गेले, त्यांनी ठेवून घेतलं.

काम साधं होतं. रोजची मॅच रेडिओवर ऐकायची, रजिस्टर भरायचं आणि सकाळी ते आकडे मशीनमध्ये घालायचे. रजिस्टरमध्ये मी माझ्या मनानं जास्तीचे कॉलम आखले होते. त्यातला एक असा, की पिचरनं आज बॉल टाकला त्याआधी त्याला किती दिवस विश्रांती मिळाली होती. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं. मोकळा रकाना दिसला की मला स्वस्थ बसवत नाही.

खेळाडूंची पत्रं माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीत येत. ती न्यायला एक रिलीफ पिचर नेमानं यायचा. रिलीफ पिचर म्हणजे मॅचच्या शेवटी, दमलेल्या पिचरच्या जागी येणारा. हा पस्तिशीचा, अंगानं जड, बोलायला हळू. जो कॉम्प्युटर चालवतो तो डॉक्टर, अशी त्याची समजूत होती. मी तीन-चार वेळा दुरुस्त केलं, मग नाद सोडला. बाकीचे खेळाडू सीझन संपला की उबदार गावांना पळत. हा मात्र बर्फात आमच्याच शहरात राही, कारण त्याच्या मुलीला ऐकू येत नव्हतं आणि तिची शाळा इथे होती. एकदा तिला बरोबर घेऊन आला होता. दोघं हातांनी भराभर बोलत होते आणि मध्येच माझ्याकडे बघून हसत होते. माझ्या साडीवर स्वेटर का, असं ती विचारतेय, म्हणाला.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्या वर्षी संपत होतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू मोकळा. जुनी टीम त्याला पुन्हा घेईल, दुसरी कुठली घेईल किंवा कोणीच घेणार नाही. मला म्हणाला, "एकच वर्ष हवंय, डॉक्टर. इथलंच. तेवढ्यात तिची शाळा पुरी होते."

ऑगस्टमध्ये टीमच्या दुसऱ्या दोन रिलीफ पिचरांपैकी एकाचं कोपर सुजलं, दुसऱ्याची पाठ धरली. कोचनं याला विचारलं, आज टाकशील? हा हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा हो. असं जवळजवळ तीन आठवडे. माझ्या विश्रांतीच्या कॉलममध्ये त्याच्या नावापुढे एकाखाली एक शून्यं पडत गेली. साहजिकच त्याच्या बॉलना मार बसायला लागला. रेडिओवर लोकांची हुर्यो ऐकू यायची. एका संध्याकाळी मी चिडून रेडिओ बंद केला, पण रजिस्टर भरायचं होतं म्हणून परत लावला.

शरद ऋतूत या तिघांचीही कॉन्ट्रॅक्टं एकदम संपली. ठेवायचा एकच होता. आमचा जनरल मॅनेजर त्या वर्षी नवीन आलेला. प्रत्येक कोच आपापल्या माणसाची तळी उचलतो म्हणून तो वैतागला होता. माझ्यासमोर तो बोलून गेला, आणि मला शहाणपण सुचलं.

माझे वडील साताऱ्याला मास्तर. उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासायला घरी यायचे. पेपरवर नाव नाही, फक्त नंबर. कोणी ओळखीची खूण केली, अगदी वर 'श्री' जरी लिहिलं, तरी वडील तो गठ्ठ्यातून बाजूला काढत आणि बोर्डाला कळवत. ओळखीचे लोक चौकशीला आले तर दार उघडत नसत. त्या बंद दाराचा मला लहानपणापासून फार अभिमान होता. मी मॅनेजरला म्हणाले, नावं झाकून टाका. तिघांना ए, बी, सी म्हणा आणि फक्त आकडे बघा. त्याला ही कल्पना इतकी पटली की दिवसभर तो येईल त्याला सांगत होता.

शीट तयार केलं आणि शेवटी विश्रांतीच्या कॉलमपाशी थांबले. ए आणि बी यांच्या खाली दोन, तीन, चार असे आकडे होते. सीच्या खाली शून्यंच शून्यं. बघताक्षणी कोणीही ओळखलं असतं, हा कोण. माझ्या डोळ्यांपुढे ते 'श्री' आलं. मी तो कॉलम काढून टाकला. वाईट वाटलं का? अजिबात नाही. छाती फुगली होती माझी. त्याच रात्री वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं, तुमची रीत मी अमेरिकेत आणली म्हणून, आणि तो कॉलम कसा ओळखून वगळला तेही कौतुकानं लिहिलं.

मीटिंगला सात-आठ पुरुष, सिगारचा धूर आणि कागद वाटायला मी. सीच्या ऑगस्टवर मॅनेजरनं पेन्सिल टेकवली. हा संपलाय, म्हणाला. एक म्हातारा कोच कुरकुरला की हा तो असेल तर गोष्ट वेगळी आहे. मॅनेजरनं त्याला थांबवलं, ओळखायचं नाही असं ठरलंय. कोचनं माझ्याकडे पाहिलं. वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी कागदांच्या कडा जुळवत उभी राहिले. बी ठरला.

वडिलांचं निळं हवाई पत्र डिसेंबरात आलं. नेहमीचे आशीर्वाद, आईचे गुडघे, आणि मग तिरक्या अक्षरात चार ओळी. "तुझी शिस्त वाचून बरे वाटले. परंतु आपल्याकडे परीक्षेत आजारी पडलेल्या मुलास डॉक्टरचे सर्टिफिकेट स्वतंत्र जोडता येते व ते बोर्ड पाहते. तू गाळलेला रकाना ही खूण नव्हती, ते सर्टिफिकेट होते. ते त्या गृहस्थाने कोठे जोडावयाचे?"

तोंडात मारल्यासारखं झालं. बीशी बोलणी अजून चालू होती, सही झालेली नव्हती. नवऱ्याला पत्र दाखवलं. त्यानं ते वाचून घडी घातली. "फोन कर ना मॅनेजरला. रिपोर्ट इन्कम्प्लीट होता म्हणून सांग, दॅट्स ऑल. यू मेड अ मिस्टेक, यार." मिस्टेक हा शब्द मला सहन झाला नाही. मी त्याच्याशी भांडले. वडील तिकडे बसून इथलं काय जाणतात, असंही म्हणाले. मग ख्रिसमसची सुट्टी होती, घरी पाहुणे होते, दोन ट्रे श्रीखंड करायचं होतं. खरं कारण एकच. ऑफिसात मान ताठ करून चालायची सवय झाली होती आणि ती मला सोडवत नव्हती. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी रजिस्टर घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेले. त्यानं त्या शून्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"हे शीटवर का नव्हतं?"

"त्यावरून तो ओळखू आला असता," मी म्हणाले.

तो म्हणाला, "बीनं काल दुपारी सही केली." त्यानं रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं आणि पुढच्या वर्षीपासून हा कॉलम शीटवर घ्या, असं सांगितलं.

दुसरी टीम त्याला उचलेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. पण त्या हिवाळ्यात, मालकांनी आपसात ठरवल्यासारखी, कुठलीच टीम दुसऱ्याच्या खेळाडूंना हात लावत नव्हती. पुढे त्यावरून बरीच भांडणं झाली. त्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. त्याचा फोन वाजलाच नाही.

फेब्रुवारीत तो शेवटची पत्रं न्यायला आला. बायकोच्या माहेरी, कुठल्याशा मक्याच्या गावात राहायला निघाले होते. तिथे तसली शाळा नव्हती. मुलगी इथेच, शाळेच्या वसतिगृहात राहणार होती. हे सांगताना त्याचे हात आपोआप हलत होते, ती समोर असल्यासारखे. खिडकीच्या फळीवर कोपर टेकून तो थोडा रेंगाळला.

"शीटवर नावं नव्हती म्हणे. तुमची आयडिया?"

मी मान हलवली.

"बरं केलंत, डॉक्टर. मला वाटत होतं, कोणीतरी मला मुद्दाम काढलं. रात्र रात्र तेच डोक्यात. आता कळलं, माझा खेळच गेलाय. ते मान्य करता येतं."

रजिस्टर त्याच्या कोपराखालच्या ड्रॉवरमध्येच होतं. त्याचा खेळ गेलेला नव्हता, हे साऱ्या ऑफिसात मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. मी कागद पुढे ओढला आणि त्याचा नवा पत्ता लिहून घेतला.