करूळ घाटातली हिरवी डहाळी

देवाधर्माचे अनुभव सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली. हायस्कुलात ड्रिलमास्तर होतो. शिट्टी फुंकली की अख्खं मैदान ताठ उभं राहायचं, त्यामुळं जग आपल्या शिट्टीवर चालतं असा माझा पक्का समज. म्हणून आज ही हकीकत सांगायला बसलो आणि कानशिलं तापली. लाज वाटते. पण कृपा झाली ती माझ्या लाजिरवाण्या वागण्यावरच झाली, तेव्हा लाज वगळून सांगायची सोय नाही.

आमची मंडळी दवाखान्यात नर्स होती. दोघंही रिटायर झालो, लेक लग्न होऊन हॉलंडला गेली आणि मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. एक दिवस हीच म्हणाली, "सायकली काढूया की!" तिथून सुटलो ते सुटलोच. कन्याकुमारी झाली, लंका झाली. नेपाळात पाठीवर ओझं घेऊन मुक्तिनाथापर्यंत चालत गेलो. लेकीकडं जाऊन हॉलंडचे कालवे सायकलीवरनं पालथे घातले. लुगडं नेसून सायकल मारणारी बाई बघायला तिथले गोरे थांबायचे. पेठेत लोक म्हणायचे, म्हाताऱ्यांना खूळ लागलंय. मग तेच लोक सत्कार करायला लागले. प्रत्येक सत्कारात मी छाती काढून सांगायचो की हे सगळं आमच्या पायांच्या जिवावर, दुसऱ्या कुणाचा हात यात नाही. ही शेजारी बसून नुसती हसायची.

आमची एक रीत होती. मी पुढं, ही मागं. थांबणं माझ्या रक्तात नाही. म्हणून वाट फुटेल तिथं मी हिरवी डहाळी मोडायची, ज्या रस्त्यानं गेलो तिकडं तिचा शेंडा करायचा आणि बुडख्यावर दगड ठेवायचा. मागनं ही यायची, डहाळी बघायची आणि बिनघोर तिकडं वळायची. भाषेचा गंध नव्हता अशा मुलखातसुद्धा आमची कधी चुकामूक झाली नाही.

आणि झाली कुठं, तर आपल्या गगनबावड्यात! श्रावण होता. कोकणात उतरून विजयदुर्ग गाठायचा बेत होता. मुक्काम बावड्यातच केलेला. सकाळी निघताना हिनं गडावर जायचं काढलं. तिथं देऊळ आहे, पिराचा दर्गा आहे, दोन्हीकडं हिला पाया पडायचं होतं. मी घड्याळ दाखवलं. म्हटलं, "देव काय पळून चाललाय?" तशी ही एसटी स्टँडवर चार माणसांत मोठ्यानं म्हणाली, "देव न्हाय पळत, तुम्हीच पळताय! व्हा पुढं, मी येते मागनं." माणसं खदाखदा हसली. कुणीतरी वर म्हणालं, "पावणं, वैनी बरोबर बोलल्या बगा." माझं डोकंच फिरलं.

गावाबाहेर रस्ता फुटतो. उजवीकडं भुईबावडा घाट, डावीकडं करूळ घाट. आमचं ठरलं होतं भुईबावड्यानं. मी मुद्दाम करूळकडं वळलो. ठरलेलं मोडायचं म्हणूनच. सायकलीवरनं उतरलो, रीतीप्रमाणं डहाळीला हात घातला. आणि न मोडताच सोडून दिली. मनात म्हटलं, आहे ना तुझा देव, त्यालाच विचार वाट. धुकं इतकं होतं की सायकलीचं पुढचं चाक धड दिसत नव्हतं. हे कळत असूनही मी निघून गेलो.

घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी एक ट्रकवाला कप फुंकत बोलला, "करूळनं आलासा त्ये बरं क्येलं. भुईबावड्यात दरड आलीया. निम्मा रस्ता खाली गेलाय, आन् धुक्यात कायबी दिसत न्हाय." माझ्या हातातला कप टेबलावर कसा गेला मला माहीत नाही. हिच्या सायकलीचा मागचा ब्रेक ढिला होता. तो मी काल आवळतो म्हणालो होतो आणि आवळला नव्हता.

सायकल उलटी फिरवली आणि घाट चढायला लागलो. छाती फुटायला आली, पाय लटपटायला लागले. ज्या पायांचे सत्कार घेतले ते पाय! शेवटी सायकल ढकलत रडत चाललो. ज्याची टर उडवली त्यालाच हाका मारत होतो, आणि हाक मारायचीसुद्धा लाज वाटत होती. मला काहीही कर, तिला सांभाळ, एवढंच.

निम्म्या घाटात धुक्यातनं घंटी वाजली. ही उतरत येत होती, पाय घासत, जपून. मला बघून थांबली आणि हसली. "रागानं गेलासा तरी खूण ठेवलीसा की! ठरलं हुतं भुईबावडा. पण तुमची डहाळी करूळकडं दिसली, म्हणून वळले."

मी "हं" म्हणालो. देवा रे, मी "हं" म्हणालो! त्या एका हुंकाराची लाज अजून जात नाही.

कठड्यावर बसलो. तिनं पदराची गाठ सोडून गडावरच्या प्रसादाची खडीसाखर पुढं केली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय मागितलंस एवढं?"

"काय मागायचं आता? दोघं एकदमच घरी जाऊ दे म्हटलं."

माझा हात पुढं होईना. सगळं सांगून टाकलं. डहाळी मी ठेवली नव्हती. दरडीचंही सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "मेले असते की हो मी!" ती ओरडली आणि तोंड फिरवून हुंदके देत बसली. मग हळूच म्हणाली, "आन् मग ती ठेवली कुणी?"

पुढं त्या फाट्यावर जाऊन विचारलं, आसपास कुणालाच ठाऊक नाही. एखाद्या गुराख्यानं ठेवली असेल, असं लोक म्हणतात. असेलही. मी वाद घालत नाही. माझ्या हातून सुटलेली डहाळी कुणीतरी ठेवली, एवढं मला पुरतं.

तिनं धुक्यात दिसतही नसलेल्या गडाकडं हात जोडले. तिच्या मागं उभं राहून मीही जोडले, जन्मात पहिल्यांदा. "चुकलो" एवढंच पुटपुटलो.

त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो, पण मी मागं आणि ती पुढं. पुढं काय आहे ते दिसत नाही, आणि त्यानं काही बिघडतही नाही, हे मला म्हातारपणी कळलं. सत्काराला कुणी बोलावलं तर आता मी गप्प बसतो.

त्या दिवशी मात्र मला उठायचं बळ नव्हतं. कठड्याला टेकून बसलो होतो. तिनं डोळे पुसले, खडीसाखर माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "उठा आता. दोघांनी घरी जायचं हाय न्हवं?"