मामाचा वाटा

ती मला पहिल्यांदा दिसली ती आल्यावरून भांडताना. इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात आमचं नेहमीचं एक इंडियन ग्रोसरीचं दुकान होतं. तिथं काउंटरवरच्या गुजराती काकांना एक ठेंगणी, बारीक डोळ्यांची बाई अस्सल दिल्लीच्या हिंदीत सुनावत होती, "भैया, ये अदरक है कि लकड़ी? ठीक लगाओ!" मी मागं तांदळाची पिशवी घेऊन उभी, मला हसू आवरेना. ती गर्रकन वळली आणि म्हणाली, "हँसो मत दीदी, आप ही बोलो." मी आलं हातात घेऊन पाहिलं. खरंच लाकूड होतं. मी तिची बाजू घेतली, काकांनी भाव कमी केला नाही तो नाहीच, पण आमची दोघींची गट्टी जमली ती कायमची.

ती ब्रह्मदेशातली. तिकडे पश्चिमेला, मिझोरामला लागून, चिन लोकांचे डोंगर आहेत. त्या डोंगरात दर दोन दऱ्यांपलीकडे वेगळी जमात, वेगळी बोली. त्यातल्याच एका लहानशा जमातीची ही. लष्कराच्या जाचाला कंटाळून पोरवयातच पळाली, मिझोराममार्गे दिल्लीला आली, पश्चिम दिल्लीत एका खोलीत कितीतरी वर्षं काढली. तिथंच तिच्याच जमातीच्या एका मुलाशी लग्न केलं, तिथंच मुलगी झाली, आणि शेवटी निर्वासित म्हणून तिघं अमेरिकेत आले. आता ती एका वेअरहाउसमध्ये पॅकिंग करायची. नवऱ्याला अजून ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं नव्हतं आणि इकडे गाडीशिवाय पान हलत नाही. आमचे हे इंजिनांच्या कंपनीत सीनियर इंजिनियर, वेअरहाउस त्यांच्या वाटेवरच. मग तो सगळा हिवाळा हे तिला रोज सोडायचे. ती यांना भैया म्हणायची.

मी शनिवारी तिच्याकडे जायची. तिचा माग म्हणजे नुसत्या काठ्या. एक टोक बाल्कनीच्या कठड्याला बांधलेलं, दुसरं पट्ट्यानं तिच्या कमरेला. मागं रेलली की सूत ताणायचं, पुढं वाकली की सैल व्हायचं. अशी झुलत झुलत ती लाल-काळी शाल विणायची आणि बोलायची. डोंगर जाळून केलेली शेतं, मक्याची आंबील, आणि मिथुन नावाचा गव्यासारखा अर्धा रानटी बैल, ज्याच्या भिंतीवर टांगलेल्या डोक्यांवरून घराची ऐपत कळते. आजाच्या काळात घरात कुणी आजारी पडलं की कुठल्या ना कुठल्या भुताला कोंबडं, डुक्कर द्यावं लागायचं. मग अमेरिकेतून पाद्री आले, डोंगर चढून गेले, आणि हळूहळू सगळी जमात ख्रिस्ती झाली. भाताची दारू सुटली, भुतं सुटली.

"आणि आता तुम्हीच अमेरिकेत येऊन यांची चर्चं भरताय," मी म्हटलं. खरंच होतं ते. चिन लोकांनी दुपारपुरत्या मागून घेतलेल्या चर्चमध्ये रविवारी सकाळी मूठभर गोरे म्हातारे असायचे आणि दुपारी यांच्या प्रार्थनेला पार्किंग मिळायचं नाही.

"कर्ज नको कुणाचं," ती हसून म्हणाली.

सगळं सुटलं, पण वाटे सुटले नाहीत. त्यांच्यात जनावर कापलं की प्रत्येक तुकड्याचा मालक ठरलेला. हा बहिणीचा, हा भावाचा, हा लोहाराचा. आणि लग्नात सगळ्यांत मोठा मान मुलीच्या मामाचा, मामा नसला तर भावाचा. त्याला ते पू म्हणतात. मुलाकडचे डुकराची तंगडी आणून पूच्या पुढ्यात ठेवतात. पूनं ती उचलून घेतली की झालं. म्हणजे या मुलीच्या पाठीमागं माणसं आहेत, ही कुणीतरी दिलेली आहे, वाऱ्यावरची नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही मामाच नवरीला बोहल्यावर आणतो, तिच्या पाठीशी उभा राहतो. ती विणायची थांबली. "फिर आप समझोगी," म्हणाली.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चर्चमधलाच, गुणी, मुलीनं स्वतः पसंत केलेला. आनंदीआनंद असायचा, तर ही बाई वाळत चाललेली. कारण तिला भाऊ नव्हता. होता, पण एकदा सैनिक गावात आले आणि ओझी वाहायला पोरं धरून नेली, त्यात तो गेला आणि परत आला नाही. मामाही नव्हताच, म्हणून तिच्या स्वतःच्या लग्नातही पू नव्हता, वाटा नव्हता. दिल्लीच्या त्या खोलीत पाद्रीनं प्रार्थना म्हटली, चहा झाला, संपलं. नवऱ्याची एक चुलती पुढं कितीतरी वर्षं तिला 'रस्त्यावर सापडलेली' म्हणायची.

"दीदी, मेरी शादी हुई ही नहीं," ती एकदा म्हणाली. "मैं बस साथ रहने लगी."

नवरा चांगला, संसार चांगला, पोर मोठी झाली, तरी हिच्या मनात ही अढी बसलेली. आणि आता मुलीचंही तसंच होणार. मला आधी राग आला. म्हटलं, अगं, अमेरिकेत कोण विचारतंय मामा आहे का म्हणून? तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मला माझंच बोलणं लागलं.

मग एका शनिवारी तिनं विचारलं, भैया बसतील का पू म्हणून? तिनं जमातीतल्या म्हाताऱ्यांना आधीच विचारलं होतं. भावासारखा वागला त्याला भाऊ करून घेता येतं, डोंगरातही करतात, असं ते म्हणाले होते. आमचे हे काय खुश! सूट काढला, टाय काढला, आरशासमोर उभे. "मामा म्हणजे भारदस्त दिसायला हवं," म्हणे. मी म्हटलं, आधी गप्प बसायला शिका.

तिनं यांना एवढंच सांगितलं होतं की बसायचं, चहा घ्यायचा, मान हलवायची. वाटा घ्यायचा हे सांगितलं नव्हतं. वाटा न घेणारा मामा असू शकतो हे तिच्या स्वप्नातही आलं नसणार.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिच्या अपार्टमेंटमध्ये बैठक झाली. दारात चपला-बुटांचा ढीग, आत कार्पेटवर दाटीवाटीनं माणसं. मधोमध एक वाळक्या अंगाचे म्हातारबाबा, त्यांचा शब्द शेवटचा. आतल्या खोलीत मुली खुसखुसत होत्या. मुलाचा काका मोठं ताट घेऊन आला, त्यात शिजवलेली अख्खी तंगडी, आणि त्यानं ते वाकून यांच्यापुढं ठेवलं.

आता आमचे हे कसे, ते सांगायला हवं. यांनी आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी हौसेनं दिलेलं घड्याळ भर मांडवात परत केलं होतं. हुंडा नाही, मानपान नाही, नारळसुद्धा नाही. चांगलीच गोष्ट, मला अभिमानच आहे. पण तेव्हापासून महाराष्ट्र मंडळाच्या दर गणपतीत ती गोष्ट मी ऐकत आलेय. शिवाय माणूस शुद्ध शाकाहारी. मी साताऱ्याकडची, माझ्या मटणाचं पातेलंसुद्धा घरात वेगळ्या कपाटात.

यांनी छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात भाषण ठोकलं. "नहीं नहीं! हम कुछ नहीं लेंगे. हमारी लड़की सुखी रहे, बस. देना-लेना हमको बिलकुल पसंद नहीं." आणि ताट हलकेच मुलाच्या काकाकडे सरकवलं.

तिच्या नवऱ्यानं अडखळत त्याचा तर्जुमा केला. आतल्या पोरी दारात डोकावल्या. तेवढ्यात ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी मागोमाग धावले. ती सिंकपाशी उभी होती, नळ सोडून. "भैया ने मना कर दिया," म्हणाली. "सबके सामने बोल दिया, ये मेरी कोई नहीं."

माझं डोकंच फिरलं. तशीच बाहेर आले आणि भर बैठकीत मराठीत सुरू झाले. "अहो, काय केलंत हे! उचला ते ताट!"

"अगं, पण माझं तत्त्व..."

"तत्त्व गेलं चुलीत! हा हुंडा नाही, हे नातं आहे. तुम्ही आत्ता त्या बाईला सांगितलंत की मी तुझा भाऊ नाही. तिचा एक भाऊ सैनिकांनी नेला, दुसरा तुम्ही नेलात!"

मराठी तिथं कुणाला कळत नव्हतं, पण बायकोनं नवऱ्याला झापलेलं कुठल्याही भाषेत कळतं. यांचा चेहरा खर्रकन उतरला. माणूस मनानं वाईट नाही हो, लक्षात आलं की विरघळतो. दोन्ही हात पुढं करून ताट ओढायला गेले, तर म्हातारबाबांनी हात वर केला. एकदा नाकारलेला वाटा तसाच पुन्हा घेता येत नाही, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

"मग आता?" हे माझ्याकडे बघत पुटपुटले. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्यांची दया आली आणि चीडही गेली नव्हती.

म्हातारबाबांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली. मग तिच्या नवऱ्याकडे वळून काहीतरी बोलले आणि त्यानं आम्हाला हिंदीत सांगितलं: आमच्या डोंगरात पू वाटा नाकारतो ते एकाच कारणानं. वाटा कमी पडला म्हणून तो रुसतो. बाबा विचारतात, आमचे पू रुसले आहेत का?

मी यांना कोपरानं ढोसलं. "हो म्हणा!"

"हाँ," हे म्हणाले. मग जरा जोर आला. "बहुत गुस्सा है!"

असा काही हशा पिकला! मुलाकडचे डोक्याला डोकं लावून कुजबुजले, एकजण फ्रीजकडे पळाला, आणि दुकानाच्या वेष्टणातली बर्फ झालेली अख्खी कोंबडी तंगडीच्या उरावर येऊन बसली. आयुष्यात नारळ न घेतलेल्या माझ्या शाकाहारी नवऱ्यानं ते सगळं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि मांडीवर घेतलं. टायला रस्सा लागला. मी मुद्दाम काही बोलले नाही.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हसत होती, डोळे पुसत होती. मला वाटलं, चला, झालं एकदाचं.

तेवढ्यात तिचा नवरा उठला. अबोल माणूस तो. इतका वेळ दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे करत होता. बायकोला बाजूला सारून आत गेला आणि पाहुण्यांच्या जेवणासाठी ठेवलेली डुकराची दुसरी तंगडी परातीत घालून घेऊन आला. यांच्यापुढं गुडघे टेकून बसला, परात ठेवली आणि दारातल्या तिच्याकडे बोट केलं.

"भैया, ये इसका है," म्हणाला. "मेरे को देर हो गई."

कुणी हसलं नाही. यांनी मांडीवरचं ताट माझ्याकडे दिलं, माझ्याकडे न बघताच, आणि ती परात घेतली. ती दारातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, लेक बाहेर येऊन तिला बिलगली, आणि मीही रडले. लाज कसली त्यात? म्हातारबाबांनी सगळ्यांना शांत केलं, उभे राहिले आणि प्रार्थना म्हटली, आधी आईच्या लग्नाची आणि मग मुलीच्या.