नकाशात आमचा बांध रस्ता झालाय

मंडळी, आज सकाळी ऐन भरतीच्या वेळी चिऱ्यांनी भरलेला ट्रक आमच्या नार्वे गावात नदीकाठच्या मातीच्या बांधावर चढला.

"मॅप हिकडंच दाखवतोय की!" बेळगावकडचा ड्रायव्हर ओरडला.

माझे काका ट्रकसमोर आडवे उभे राहिले. "हो रस्तो न्हय, बांद! फुटल्यार खारें उदक शेतांत भितर सरतलें!"

चाकाखालची माती नदीत ढासळत होती; बांध फुटला असता तर भरतीचं खारं पाणी थेट शेतात शिरलं असतं. शेवटी ट्रक इंच इंच करत मागे निघाला.

घरी येऊन ऑनलाइन नकाशा उघडला. उपग्रहाच्या फोटोत बांध खरंच सरळ रस्त्यासारखा दिसतो. दुरुस्ती पाठवली. "तपासणी सुरू आहे," एवढंच उत्तर आलं.

तोवर काका बांधाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेत.

तुमच्या गावचा नकाशा तुम्ही कधी नीट बघितलाय?