चाळीची कविता

माझ्या निरोप समारंभात सात जणांनी भाषणं केली. त्यांतले पाच जण म्हणाले, मॅडमनी आम्हाला कविता वाचायला शिकवलं. मी मान खाली घालून हसत होते, आणि लोकांना तो विनय वाटला. विनय कसला? मान ज्या गोष्टीमुळे खाली गेली होती ती त्या मंडपात कुणालाच ठाऊक नव्हती. आजही नाही. सख्ख्या बहिणीला नाही, ज्यांच्याबरोबर तीस वर्षं डबा खाल्ला त्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते आहे.

पंचवटीतल्या एका शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवायचे. तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर रसग्रहण तुमच्याही वाट्याला आलं असेल. चार गुणांचा प्रश्न, आणि त्यासाठी माझा एक साचा होता. पहिल्या परिच्छेदात कवी, कविता आणि मध्यवर्ती कल्पना — म्हणजे आशयसौंदर्य. दुसऱ्यात अलंकार, रस, प्रतिमा — काव्यसौंदर्य. तिसऱ्यात शब्दांची निवड, लय, शैली — भाषिक सौंदर्य. मुलं त्याला 'तीन खणांचा डबा' म्हणायची. कविता आईवर असो की झाडावर, तीन खण भरायचे, वरून 'ही कविता वाचकाच्या मनाला भिडते' असं झाकण लावायचं, की चारपैकी साडेतीन कुठे गेले नाहीत. खरंच भिडली का, हे विचारायला वेळ कुणाला होता?

पण साचा हा माझा गुन्हा नव्हे. ज्या मुलाला कविता बघून घाम फुटतो त्याला तो आधार होतो, हे मी आजही ठासून सांगेन. शिवाय दरवर्षी जूनमध्ये मी एक वाक्य फळ्यावर लिहायचे: आधी तुम्हाला काय दिसलं ते लिहा, मग डबा भरा. फार आवडायचं मला ते वाक्य. स्वतःचंच.

सहामाही परीक्षेत पाठ्यपुस्तकाबाहेरची एक कविता द्यायची आणि पेपर वाटताना ती शिकवायची, अशी माझी पद्धत होती. एका जुन्या दिवाळी अंकातलं पान माझ्याकडे होतं. त्याचा कोपरा फाटून कवीचं नाव गेलेलं. कविता सहाच ओळींची —

चाळीत आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो.
वरच्यांचा भार खालच्यांनी सोसला.
ज्याला ओल लागली तो शेजाऱ्याला घेऊन गेला.
आई रोज यायची, हात फिरवायची,
वासावरून ओळखायची — आतून कोण गेलं.
भाव येईल, ती म्हणायची, थांबा.

ही कविता मी किती वर्षं शिकवली, मोजलेलं नाही. कारण ती माझी होती. मी लालबागच्या चाळीत वाढले. तिसरा मजला, बारा खोल्या, एक गॅलरी. नोकरीसाठी नाशिकला आले, लग्न केलं नाही, आई-वडील गेले, चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत उभी राहिली. आता तिथे माझं कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर इथेही फारसं कुणी झालं नाही. मखमलाबाद रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये शेजारची दारं बंद असतात. माझंही असतं. त्या सहा ओळी वाचल्या की मात्र गॅलरीतून हाका ऐकू यायच्या.

मी काय रंगवून शिकवायचे! वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे. ओल म्हणजे क्षय, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा. भाव म्हणजे प्रतिष्ठा — गिरणगावातल्या आईचं स्वप्न, श्लेष अलंकार, अर्धा गुण. वासाचं जरा अडायचं. आतून कोण गेलं ते वासावरून कसं ओळखणार? पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. बंद घरातून फोडणीचा वास आला नाही की आई समजून जायची, असं मी सांगायचे. एकदा तर दोन मुली रडल्या.

आणि मग कोमल आली.

देवळ्याकडची मुलगी, शिकायला नाशिकला आत्याकडे राहायची. नववीत होती. वर्गात तोंड उघडायची नाही, पण शाळा सुटल्यावर ग्रंथालयात यायची आणि मी जे वाचत असेन ते विचारायची. मुलं विचारत नाहीत हो शिक्षकांना, तुम्ही काय वाचता म्हणून. मोठी माणसंही विचारत नाहीत. त्या अर्ध्या तासाची मी वाट बघायचे — हे मी तिला कधी कळू दिलं नाही, पण बघायचे.

सहामाहीला मी चाळीची कविता दिली. कोमलच्या उत्तरात एकही खण नव्हता. तिनं लिहिलं होतं: 'ही चाळ कांद्याची आहे. आमच्या घरामागे आहे. कवितेत कांदे बोलतात. सडलेला कांदा बाहेरून कळत नाही, वासावरून कळतो. एक सडला की शेजारचा सडतो. माझी आई रोज सकाळी चाळीत हात घालून बघते. शेवटी आई कांद्यांना थांबा म्हणते, पण मला वाटतं ती स्वतःलाच म्हणते.'

तुम्हाला लगेच कळलं ना? मला नाही कळलं. मला राग आला. कुठे माझी गॅलरी, माझी माणसं, आणि कुठे कांदे! कांद्याच्या गोदामाला चाळ म्हणतात, हे इतकी वर्षं या जिल्ह्यात राहून मला माहीत नव्हतं. कांदा मी रविवारच्या बाजारातून पिशवीत घरी आणायचे, आमचा संबंध तेवढाच. मी तांबड्या शाईनं उभी रेघ मारली, चारपैकी एक गुण दिला आणि दिवाळीनंतर पेपर वाटताना ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वर म्हणाले, "कोमलला कवितेतही कांदाच दिसतो. तरीच डोळ्यांत पाणी आलंय."

वर्ग खदाखदा हसला. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

हाच माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटलं असेल. हेही वाईटच. पण अज्ञानातून झालं, शिक्षक चुकतो, चुकू शकतो. मी एवढंच केलं असतं तर हे लिहायला बसले नसते. पुढचं सांगायला मी टाळाटाळ करते आहे, हे माझं मलाच दिसतंय.

पंधरा दिवसांनी आमच्या चित्रकलेच्या सरांच्या मुलीचं लग्न होतं, देवळ्याजवळच्या गावात. आम्ही सगळे शिक्षक गाडी करून गेलो. वाटेत उभा असलेला एक जण ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी चाळीमागं लावा, तिकडं लय जागा हे." मी खिडकीतून मान काढून चाळ शोधू लागले — मजले, जिना, गॅलरी. समोर एक लांबच लांब छप्पर होतं, बाजूंना वारा जावा म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती, आणि आत कांदा. वरच्यांचा भार खालच्यांवर. एक बाई वाकून उरलासुरला कांदा निवडत होती. एक उचलून तिनं नाकाशी नेला, बाजूला टाकला, मग त्याच्या शेजारचेही दोन उचलून टाकले.

मी गाडीतून उतरले आणि तिथेच उभी राहिले. सहाही ओळी एकेक करून माझ्या हातातून निघून गेल्या. वासाची ओळ सगळ्यात आधी. लग्नात काय जेवले ते आठवत नाही. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? लुटल्यासारखं वाटलं. नववीतल्या एका मुलीनं माझं घर नेलं, असं.

परत येताना ठरवलं, सोमवारी वर्गात सांगायचं: कोमलचं बरोबर होतं, माझं चूक. सोमवारी वेळ नव्हता. मंगळवारी तपासणी होती. बुधवारी कसली अडचण होती? नव्हतीच. वेळ होता, वर्ग समोर होता, खडू हातात होता. मी व्याकरण घेतलं.

शनिवारी पालकसभा होती. कोमलची आई आली होती, पहाटेच्या एसटीनं. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि लेक तिच्या मागे अर्धी लपलेली. गुणांचं बोलून झालं तरी बाई उठेनात. मग जरा हसून, संकोचानं म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू का? पोरगी म्हणती, पेपरात ती कविता आपल्या चाळीवर व्हती. मी म्हणलं, येडी का तू? आपल्या चाळीवर कोण कविता करीन? पण ती आयकतच नाय. खरं काय हे?"

कोमल आईच्या खांद्यामागून माझ्याकडे बघत होती. ती गुण मागत नव्हती. झालेल्या अपमानाबद्दलही काही म्हणत नव्हती. तिला फक्त हवं होतं की मी आईला हो म्हणावं — तुमच्या चाळीवर, तुम्ही रोज जिथे हात घालता त्या चाळीवर कुणीतरी कविता केली आहे. एक 'हो'. मला तेव्हा सगळं माहीत होतं. ती चाळ मी डोळ्यांनी बघून आले होते, तिचा वास घेऊन आले होते.

मी म्हणाले, "नाही हो. ती मुंबईची चाळ आहे. माणसांची."

बाईंना वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. लेकीकडे वळून त्या म्हणाल्या, "बघ, म्हणलं व्हतं ना?" आणि पिशवीतून चार कांदे काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले, घरचे म्हणून. कोमलनं नजर खाली केली. मी बघत होते तिच्याकडे. तिनं माझं खरं मानलं — तेच तर. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर आला.

शेजारच्या टेबलावर विज्ञानाच्या मॅडम होत्या. त्यांनी ऐकलं, पण त्यांना त्यात ऐकण्यासारखं काही वाटलं नाही. साक्षीदार होते, पण गुन्हा दिसलेली मी एकटीच.

ग्रंथालयात ती त्यानंतरही यायची. पुस्तक द्यायची, दुसरं घ्यायची, थँक्यू मॅडम म्हणायची. मी काय वाचते ते विचारायची नाही. मीच एकदा आपणहून सांगायला गेले तर तिनं शिस्तीत ऐकून घेतलं. तो अर्धा तास माझ्या आयुष्यातून गेला, आणि मी त्याबद्दल रडायचेही, आहे की नाही कमाल? चोरानंच चोरीची तक्रार करावी तशी.

दहावीला तिला मराठीत शाळेत सर्वांत जास्त गुण मिळाले. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, रसग्रहण तुम्ही सांगितलं तस्संच लिहिलं. माझ्या मनाचं एक अक्षर घातलं नाही." तिला ते सांगताना आनंद झाला होता. मी पेढा खाल्ला.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर तिनं बी.ए.ला मराठी घेतलं, आशीर्वादाला घरी आली, तेव्हाही आलं असतं. चहा केला, सोफ्यावर शेजारी बसलो, मी तिला पेन दिलं. मला माणसाची इतकी भूक होती की ती परत यावी म्हणून मी गप्प बसले, आणि गप्प बसले म्हणून ती कधी खऱ्या अर्थानं परत आली नाही. यात न समजण्यासारखं काही नाही. मला सगळं समजत होतं.

गेल्या महिन्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. आता ती देवळ्याकडच्याच एका शाळेत मराठी शिकवते. आवाजात उत्साह होता. "मॅडम, तुमच्या रसग्रहणाच्या नोट्स आहेत का अजून? आणि ती मुंबईच्या चाळीची कविता पण पाठवा ना, नववीला द्यायचीय. आमची पोरं बघा, शंभर टक्के कांद्याचीच चाळ समजणार, मी समजले होते तशी! म्हणून आधीच सांगून ठेवणार आहे त्यांना."

मी तो मेसेज तीनदा ऐकला. मग टाइप केलं: 'कोमल, तुझं बरोबर होतं.' चार शब्द. बराच वेळ ते पडद्यावर होते. मग खोडले. पिवळं पडलेलं पान काढलं, खिडकीशी धरून नीट फोटो घेतला आणि पाठवला. तिन्ही खणांच्या नोट्सही पाठवल्या. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

आता ती कविता तिच्या वर्गात शिकवून झाली असेल. त्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरामागे चाळ आहे. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीनं तरी हात वर केला असेल. तिला कोमलनं काय सांगितलं असेल, ते मला ऐकायला जायची गरज नाही. मीच शिकवलंय ते.