उसनं थांबलेलं रक्त

“आत्ता नाही, परवा,” बोट कापलं की तो शांतपणे म्हणायचा आणि कांदा चिरत राहायचा.

मोहालीत आम्ही दोघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. तो अमरावतीचा. रक्ताची गुठळी घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, तेरावा फॅक्टर, त्याच्या अंगात जन्मापासून नव्हतं. त्यामुळे जखम आधी शहाण्यासारखी थांबायची आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा वाहायला लागायची. महिन्याकाठी ते प्रथिन तो शिरेतून घ्यायचा. एक जादा कुपी खालच्या घरमालकीण आंटींच्या फ्रिजमध्ये असायची, कारण आमचा फ्रिज नुसताच गुणगुणायचा.

दुखणं लपवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. याला दुखायच्या आधीच ते पटवून द्यावं लागे.

एका रविवारी ऑफिसच्या क्रिकेटमध्ये चेंडू त्याच्या डोक्यावर बसला. हॉस्पिटलात स्कॅन स्वच्छ आला.

“ब्लीडिंग तो है ही नहीं,” तरुण डॉक्टर म्हणाले.

“सर, वही तो दिक्कत है. परसों होगी.”

चेंडू नक्की किती जोरात लागलाय, असा डॉक्टरांचा चेहरा झाला. मग याने गळ्यातलं आजाराचं कार्ड दाखवलं. ते ताडकन उठले. “फॅक्टर कहाँ है?”

फॅक्टर पंचकुल्याला लग्नाला गेला होता.

घरची वीज गेली म्हणून आंटींनी कुपीचा डबा सोबत नेला होता. मी हॉलवर पोचलो, तर वरातीने मला आपला समजून नाचवलं, फेटाही बांधला. आंटी कोल्ड्रिंकच्या फ्रिजला पाठ लावून बसल्या होत्या. कुणाला दार उघडू देत नव्हत्या.

“एहदे विच मेरे मुंडे दा खून है!” त्या ओरडत. यात पोराचं रक्त आहे म्हटल्यावर पाहुणे मागे सरत आणि कोमट सरबत पीत.

टॅक्सीत त्या जरीच्या दुपट्ट्यात, मी फेट्यात, डबा मांडीवर. हॉस्पिटलात नर्सने औषध मिसळून त्याला सुई लावली.

“माझा मोठा भाऊ असाच गेला बे,” तो मला म्हणाला. “डोक्यात रक्तस्राव. पडल्यावर दुसऱ्या दिवशीही अंगणात खेळत होता.”

आंटींना मराठी कळत नव्हतं. त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. जरीकाम टोचू नये म्हणून आधी दुपट्टा उलटा केला.

त्याला काही झालं नाही. आता तो नागपूरला असतो, मी अजून आंटींच्या वरच. दर महिन्याला आंटी त्याला फोन लावून विचारतात, “सुई लग गई, पुत्त?” तो हो म्हणाला की लगेच ठेवून देतात. मग थोडा वेळ फोन मांडीवर घेऊन बसून राहतात.