गुलाबाच्या वाफ्यातली तांबडी माती

सूनबाई कढीसाठी ताकात हळद कालवते आणि तो आंबटसर, ओला, पिवळा वास माझ्या खोलीपर्यंत येतो, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचं हे वय अंगावरून उतरवून मी एका फाल्गुनातल्या सकाळी जाऊन उभा राहतो. समोर तांबड्या मातीचा ढीग असतो, तिच्यातून असाच वास येत असतो, माझ्या हातात मोजणीची फीत असते आणि मी मनापासून खूश असतो. आयुष्यातल्या मोठ्या चुका माणूस बहुधा अशा खुशीतच करतो.

पन्नासच्या दशकातली ती वर्षं. पिंपरी आणि चिंचवड म्हणजे तेव्हा पवनेच्या काठची गावं. मधून मुंबईचा रस्ता, त्याला सोबत म्हणून रेल्वेचे रूळ, आणि दोहोंच्या बाजूंना ज्वारीची शेतं, जी माघात वाऱ्यावर सळसळत असत. त्या सळसळीच्या ऐन मध्यावर एक कारखाना उभा राहिला, त्याच्या पाठीमागे कामगारांची वसाहत उठली, आणि त्या वसाहतीच्या ‘बागा व खेळ’ या नावाच्या एका टेबलावर मी येऊन बसलो. टेबल एक, खुर्ची एक, आणि नेमणूक तात्पुरती. सातारा, नगर, मराठवाडा, कोकण असं कुठूनकुठून आलेल्या माणसांना कारखान्याने आठ तासांचं काम दिलं होतं. उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझ्याकडे होतं. मी व्हॉलीबॉलचं जाळं आणलं, तर त्यावर दुसऱ्या दिवशी कुणाची तरी गोधडी वाळत होती. घसरगुंडीच्या तापल्या पत्र्यावर बायकांनी कुरडया घातल्या. मी वैतागत असे, आणि पुष्कळदा त्याच कुरडया तळून मला खायला मिळत असत, त्यामुळे वैतागही फार टिकत नसे.

या सगळ्यात माझा जीव होता तो बागेत. तीन महिने खपून तिचा नकाशा मी स्वतः काढला होता: मधोमध कारंजं, भोवती पायवाट, आणि पायवाटेच्या कडेने गुलाबांचे सहा वाफे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी कारखान्याचे सर्वांत वरचे साहेब उद्घाटनाला येणार होते, आणि बाग मनात भरली तर माझी नोकरी कायम होईल, असं सूचित करण्यात आलं होतं. गावी, कोकणात, आई माझ्या पत्राची वाट पाहत होती. ‘कायम’ हा एक शब्द त्या पत्रात लिहायचा म्हणून मी जमिनीशी झुंजत होतो. आणि जमीन तर सगळी मुरूम आणि चिकण काळवट. पहार मारली की ठिणगी उडावी. कंत्राटदाराने गुलाबांसाठी चांगली माती आणून टाकण्याचं कबूल केलं होतं, पण तो रोज उद्याचा वायदा करी.

म्हणून त्या सकाळी बागेच्या हद्दीवरच्या चिंचेखाली, पोत्यांनी झाकलेला तो तांबडा ढीग दिसला, तेव्हा मला कंत्राटदाराचा नव्हे, साक्षात माझ्या घरच्या परसाचा भास झाला. पोतं उचललं. मऊ, चाळल्यासारखी माती. मुठीत धरली तर लोण्यासारखी बसे, सोडली तर भुरभुरत निघून जाई. कोकणातल्या माणसाला तांबडी माती म्हणजे पायाखालची गोष्ट. ती कुणाची तरी असते, कुणी तरी तिला वाढवलेली असते, हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. चिंचेपलीकडे एक बसकी दगडी खोली होती, तिची एक भिंत नव्याने बांधली जात होती. माझ्या नकाशावर ती ‘जुने बांधकाम’ होती. त्या दिवसापर्यंत मी आत कधी डोकावलो नव्हतो. कंत्राटदाराला मनातल्या मनात धन्यवाद देऊन मी मजुरांकरवी ढीग उचलवला आणि संध्याकाळच्या आत सहाही वाफे भरून घेतले.

माझा माळी, धोंडिबा, दोन दिवस पुण्याला गुलाब आणायला गेला होता. सासवडकडचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. तो कळ्या धरलेली रोपं घेऊन परतला, वाफ्याशी वाकला आणि म्हणाला, “साहेब, ह्या मातीला ताकाचा वास येतोय.”

“खतावलेली असेल,” मी म्हणालो. कृषीवरची दोन पुस्तकं वाचून मी तेव्हा सर्वज्ञ झालो होतो.

त्याच दुपारी गोदामातून हाडांच्या चुऱ्याचं पोतं आलं. गुलाबाला हाडांचा चुरा मानवतो, हे पुस्तकातलं. गाडीवानाने पोतं उतरवताना ते धोंडिबाच्या खांद्याला घासलं. आत काय आहे हे कळताच तो नळापाशी गेला आणि भर दुपारी अंगावरच्या कपड्यांसकट पाण्याखाली बसला. परत आला तो निथळतच. “माळ हाय गळ्यात. हाडाला हात लावायचा न्हाई मी,” एवढंच म्हणाला. मी त्याला विज्ञानावर एक लांबलचक प्रवचन दिलं, आणि मग बाह्या सरसावून तो चुरा स्वतःच्या हातांनी वाफ्यावाफ्यांत कालवला. शेवटच्या वाफ्यात पोतं संपलं. ते झटकून, घडी घालून मी बाजूला ठेवलं, आणि धोंडिबा एकेक रोप हातात देत गेला, तशी मी ती लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दवाने ओल्या पायवाटेवर एक म्हातारा उभा दिसला. उंच, कानांच्या पाळ्या चुरगळून गाठीसारख्या झालेल्या, खांद्यावर घोंगडी. वाफ्याशी येऊन त्याने पायातल्या वहाणा काढल्या. मग वाकून चिमूटभर माती उचलली, हुंगली आणि कपाळाला लावली. हा फुलं तोडणार, अशा समजुतीने मी लगबगीने पुढे झालो.

“आजोबा, फुलांना हात लावायचा नाही.”

“फुलांना न्हाई, साहेब. मी मातीला आलोय.”

ते गावच्या तालमीचे वस्ताद होते. पोरांना घेऊन खेडच्या बाजूला जत्रांच्या कुस्त्यांना आठ दिवस गेले होते. भिंत पाडायची म्हणून कुस्तीच्या हौद्यातली माती काढून त्यांनी चिंचेखाली झाकून ठेवली होती. माझं ‘जुने बांधकाम’ म्हणजे ती तालीम. तिच्या कोनाड्यात मारुती होता.

“माझ्या आज्याच्या येळची हाय ही,” वस्ताद सांगत होते, आवाज जराही न चढवता. “दरसाली थोडी नवी घालायची, त्येल, हळद, ताक पाजायचं. पन समदी कवा काढायची न्हाई. दुधाला इरजान ऱ्हातं तसं. आता भित झाली. चैती पुनवंला जत्रा हाय, त्याच्या आदी हौदा भरून पोरं उतरवायची.”

मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. माझ्याच वाफ्याच्या कडेला, वहाणा काढलेले ते भेगाळ पाय. आणि त्याच वाफ्यात मी तीन दिवसांपूर्वी बूट घालून फिरलो होतो. त्याच क्षणी मला हाडांचा चुरा आठवला. सांगायला हवं होतं. जीभ उचलली, आणि तिच्यावर आईला लिहायच्या पत्रातला तो एक शब्द येऊन बसला. मी म्हणालो, “चार दिवसांनी उद्घाटन आहे. तेवढं होऊ द्या, मग घेऊन जा.”

“व्हऊ द्या की. तुमचं बी कामच हाय,” वस्ताद म्हणाले, वहाणा हातात घेऊन पायवाटेच्या टोकापर्यंत अनवाणी गेले, आणि मग त्या पायात घातल्या. धोंडिबा झारी घेऊन शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला पाहण्यापेक्षा अधिक लागलं.

उद्घाटन थाटात झालं. गुलाब असे फुलले की साहेबांनी टोपी काढून त्यांचा वास घेतला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि संध्याकाळपर्यंत ‘कायम’ हा शब्द कागदावर उतरला. पत्र लिहायला बसलो आणि एक ओळही लिहवेना. मला माझी लाज वाटत होती. तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले ते पाच पैलवानांना घेऊन. पाट्या आणल्या होत्या, शेणाने सारवून वाळवलेल्या. एकाच्या हातात नारळ होता. वाफ्यापुढे वस्तादांनी तो ठेवला, आणि तो नारळ पाहून माझं अवसान गळालं. मी सगळं सांगून टाकलं. हाडांचा चुरा. जनावरांचा. माझ्याच हातांनी. आणि त्या दिवशी बोललो नाही, तेही.

“मारुतीच्या मातीत हाडं?” एक पैलवान माझ्या अंगावर येत ओरडला. वस्तादांनी नुसता हात आडवा केला. मग ते माझ्या नव्याकोऱ्या बाकावर जाऊन बसले, आणि एवढा भव्य माणूस बसल्याजागी लहान कसा होत जातो, ते मी पाहिलं. पैलवान खाली मान घालून उभे होते.

मग मान वर करून वस्ताद म्हणाले, “समदीकडं घातलंय? इरजनापुरती बी न्हाई ऱ्हायली?”

पोतं शेवटच्या वाफ्यात संपलं होतं. नळाकडच्या कोपऱ्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. मी तसं बोट दाखवलं. “हा कोपरा कोरा आहे.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला आठवलं की रिकामं पोतं मी झटकलं होतं. कुठे झटकलं होतं, ते आठवेना.

वस्ताद माझ्याकडे पाहत राहिले. एकदा गप्प राहिलेल्या माणसाचा शब्द घ्यावा की न घ्यावा, हे ते तोलत होते, आणि त्यांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नव्हती. तेव्हा धोंडिबाने झारी खाली ठेवली. पायताण काढलं, पुढे झाला, त्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत घालून ओंजळी-ओंजळीने एक पाटी भरली. वस्तादांची नजर त्याच्या गळ्यातल्या माळेवर गेली, त्याच्या हातांवर गेली. मग ते उठले, पाटीला नमस्कार केला आणि नारळ वाढवला. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांनी धोंडिबाला दिला, दुसरा मला.

मावळातून नव्या तांबड्या मातीच्या गाड्या आल्या, तिच्यात ती एक पाटी कालवली गेली, ताक-हळद पाजली गेली, आणि चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला हौद्यात पोरं उतरली. वस्तादांनी चिमूटभर माती माझ्याही कपाळाला लावली. मी ती पुसली नाही. पुढे तीस-बत्तीस वर्षं याच भागात बागा आणि मैदानं आखत राहिलो. गावं मोठी होत होत शहर झाली, ज्वारीची सळसळ गेली, पण नकाशावर ‘जुने बांधकाम’ असं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

राहिलं ते एवढंच. वस्ताद पाटी घेऊन गेले त्या दुपारी मी कचेरीतून परत बागेत आलो, तर धोंडिबा नळाखाली बसला होता. अंगावरच्या कपड्यांसकट. मला पाहून उठला, डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि म्हणाला, “ऊन लई हाय, साहेब.” मी ‘हो’ म्हणालो. नंतर वीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं, रोज बोललो, आणि ही एक गोष्ट मी त्याला विचारली नाही. आता विचारायला तोही नाही.

अजूनही फाल्गुन उतरायला लागला की भर दुपारी मी गॅलरीत जातो आणि कठड्याबाहेर हात धरून उभा राहतो. सूनबाई आतून हाका मारते, कढी निवतेय म्हणून. ऊन असतं, नाही असं नाही. पण कपड्यांसकट नळाखाली बसावं इतकं ते असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.